दिपमालाच्या बारा परीक्षानळ्या

जळगाव,
९ जानेवारी २०२६

चि. अभयकुमार यास,
जय जिनेंद्र.

बुधवार, दिनांक ७ जानेवारी रोजी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, आपल्या आईच्या नावाने चालणाऱ्या शाळेच्या सभागृहात, भरल्या विज्ञान प्रदर्शनात, तू एका मुलीच्या बारा परीक्षानळ्या मोरीत ओतायला लावल्यास. ओतल्या लॅबमधल्या हिलालने, पण हुकूम संस्थेच्या सचिवाचा, म्हणजे तुझा होता. नळ्या रिकाम्या झाल्यावर त्या मुलीला रिकामा स्टँड हातात धरून पाहुण्यांसमोर उभं केलंस, आणि दुपारी तीनच्या शिंदखेडा बसमध्ये ट्रंकेसकट बसवून दिलंस. बारावीची मुलगी, परीक्षा तोंडावर.

तक्रार लिहायची तर आधी वार, तारीख आणि वेळ, राग त्याच्यानंतर, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शिकवायच्या. वार, तारीख आणि वेळ लिहून झाली.

हे मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. विचारणारच आहेस, म्हणून सांगते: तुझ्या नातीने, मुस्कानने. फोनवर रडत होती. तिच्या जागी मी असते तर रडले नसते, तुझ्याशी भांडले असते. पण ती तुझ्या घरात राहते.

आता प्रयोग काय होता ते ऐक, कारण ओतण्यापूर्वी तू विचारलं नाहीस. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असतं. काय आत यायचं आणि काय बाहेर जाऊ द्यायचं, हे ते ठरवतं. बीटचा लाल रंग पेशीच्या आत असतो आणि पटल धड आहे तोवर आतच राहतो. बीटचे सारखे तुकडे करून धुवायचे आणि कमी-जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये ठेवायचे. पटलातल्या चरबीच्या थरात अल्कोहोल शिरतं, तो थर विस्कळीत करतं, पटलातल्या प्रथिनांचा आकार बिघडवतं, आणि रंग बाहेर यायला लागतो. जितका रंग बाहेर, तितकं पटल ढिलं, म्हणजे त्याची पार्यता जास्त. सहा तीव्रता, प्रत्येकीच्या दोन नळ्या, अशा बारा. यात कुणी काही प्यायलं नाही की कुणी काही खाल्लं नाही.

विषय मी दिला. महिन्यातून दोन शनिवार जळगावहून येऊन मी बारावीच्या मुलींचं जीवशास्त्र बघते, ते तूच विनंती केलीस म्हणून. बीटही मीच आणलं. फाटकावर मुलींच्या पिशव्या तपासतात, निवृत्त प्राध्यापिकेची पर्स तपासत नाहीत. कंदमूळ संस्थेच्या आवारात आणलं याचा तुला राग आला असेल तर तो माझ्यावर काढ. आणि अल्कोहोल शाळेच्याच लॅबमधलं होतं. वरच्या कपाटात, डावीकडे, तपकिरी बाटली. मीच तिला जागा सांगितली होती. तेव्हा 'हॉस्टेलमध्ये दारू सापडली' असं जे तू सभागृहात मोठ्याने म्हणालास, ते शुद्ध खोटं आहे.

दिपमाला लोटन भदाणे हिला परत बोलाव. जर्नलवर सही झाल्याशिवाय तिला २ फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही, हे तुला ठाऊक आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू 'हो जिजी, हो जिजी' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस.

तुझी
चेलना


धुळे,
१३ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप जिजीस,
सादर जय जिनेंद्र.

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लहानपणी पाढे चुकल्यावर तुझ्यासमोर उभा राहायचो तसं वाटलं.

बीटबद्दल म्हणशील तर, खरं सांगतो, मला दिसलं होतं. एका कंदात अनंत जीव, हे आपण दोघांनी एकाच पाठशाळेत ऐकलं. तरी मी पाहुण्यांना दुसऱ्या टेबलाकडे नेणार होतो. तूच आणलं असणार हे मला कळलं होतं. इतकी हिंमत दुसऱ्या कुणाची नाही.

पण जिजी, त्या नळ्यांना वास येत होता. लॅबचा नाही, मोहाचा. परीक्षकांपैकी एकाने रुमाल नाकाला लावला आणि दुसरा हसला. मी रेक्टर कमलबाईंना हॉस्टेलमध्ये पाठवलं. मुलीच्या ट्रंकेत कपड्यांखाली कोल्ड्रिंकची बाटली निघाली, अर्धी भरलेली. हातभट्टीची दारू. कमलबाईंनी झाकण उघडताच ओळखली. त्यांना कशी ओळखता आली ते मी विचारलं नाही.

तू म्हणतेस ती तपकिरी बाटली तुझ्या कॉलेजात असेल. आपल्या लॅबमध्ये अल्कोहोल नाही. बाबांनी लॅब बांधली तेव्हापासून संस्थेने अल्कोहोलची खरेदी केलेली नाही, तसा ठरावच आहे. स्पिरिटचा दिवासुद्धा नाही, गॅस आहे. वरच्या कपाटात डावीकडे झाडू ठेवतात.

मी त्या मुलीला तीनदा विचारलं, 'बेटा, बाटली कुठून आली?' ती खाली बघत राहिली. तुझं नावही तिने घेतलं नाही. हॉस्टेलमध्ये एकशेचाळीस मुली आहेत. एकशेचाळीस घरांना मी काय सांगू? एकटी पाठवली म्हणशील, तर तसं नाही. कमलबाई स्टँडपर्यंत गेल्या होत्या, तिकीट काढून दिलं.

रागावू नकोस. संक्रांत आहे, श्रेयांस दुकानाच्या खरेदीला जळगावला येतो आहे, त्याच्याबरोबर तिळाच्या वड्या पाठवतो.

तुझा
अभय


जळगाव,
१५ जानेवारी २०२६

कु. दिपमाला हिस,

तुझा पत्ता मुस्कानकडून घेतला. हे पत्र पोचताच बसून उत्तर लिही. 'मॅडम, तब्येत बरी नव्हती' वगैरे नको.

तुझ्या प्रकल्पाचा कच्चा मसुदा माझ्यासमोर आहे. २७ डिसेंबरला तू दिला होतास. पान तीनवर लिहिलं आहेस: 'मूळ द्रावणातील अल्कोहोलची टक्केवारी माहीत नाही.' पुढे सगळीकडे 'मूळ द्रावणाचा दहावा भाग', 'मूळ द्रावणाचा पाचवा भाग', असंच. त्यावर मी लाल शाईने लिहिलं: 'बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही का?'

आज कळलं की बाटलीला लेबल नव्हतं. बाटली लॅबची नव्हती. त्या कपाटात झाडू असतो.

तेव्हा तू मला का सांगितलं नाहीस? दोन शनिवार मी तुझ्यासमोर उभी राहून तीव्रता, तीव्रता करत होते आणि तू मान हलवत होतीस. प्रयोगाचं साहित्य कुठून आणलं हे लिहायचं असतं, हे मी पहिल्याच तासाला शिकवते. साहित्य लपवणारी मुलगी उद्या निरीक्षणही लपवेल.

सचिवसाहेबांना मी लिहून बसले की दारूची गोष्ट खोटी आहे. अडुसष्टाव्या वर्षी मला माझा शब्द मागे घ्यायला लावलास. कुठून आणलीस, कुणी दिली, का दिली, सगळं लिही. आणि तुझ्या नळ्यांमध्ये काय दिसलं तेही लिही. मी प्रदर्शनाला नव्हते, आणि आता त्या नळ्या मोरीत आहेत.

चेलना मॅडम


ता. शिंदखेडा,
२० जानेवारी २०२६

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

तुमचं पत्र शनिवारी आलं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण घरात सगळ्यांसमोर लिहिता येत नव्हतं.

तुम्ही सांगितलेल्या कपाटात मी बघितलं होतं. मग हिलालभाऊंना विचारलं. ते म्हणाले, ते आपल्याकडे येतच नाही. मी तुम्हाला सांगायला वर्गात आलेही होते. त्या दिवशी पुनमने सांगितलं की तिला कोरफड मिळाली नाही. तुम्ही म्हणालात, 'कारणं सांगणाऱ्या मुलींनी सायन्स सोडून भरतकाम शिकावं.' सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि जागेवर जाऊन बसले.

नंतर मी धुळ्यात दोन मेडिकलमध्ये गेले. हॉस्टेलचा युनिफॉर्म बघून एकाने सांगितलं, सरांचं पत्र आण. दुसरा नुसता बघत राहिला. मी परत आले.

डिसेंबरमध्ये दोन दिवस घरी आले होते. इथे दारू कुठे मिळते हे माझ्या घरात एकाच माणसाला माहीत आहे. मॅडम, माझे वडील पूर्वी प्यायचे. तीन वर्षं चार महिने झाले, बंद आहे. गेल्या वर्षी त्यांना दूध संकलन केंद्रावर काम मिळालं. सरपंचांनी सांगितलं होतं, लोटनला घ्या, आता तो घेत नाही, माझा भरवसा. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी त्यांना विचारलं. एकदाच विचारलं. प्रयोग काय ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुले कितली लागी?"

ते सायकलने नदीपलीकडे गेले. बाटली पिशवीत घालून आणली, माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "पहिल्या धारेची शे. तुले कडक पाहिजे होती ना." झाकण त्यांनी उघडलं नाही. मग हौदावर जाऊन साबणाने हात धुतले, दोनदा. मायला आम्ही सांगितलं नाही. ती शेतात होती.

म्हणून सरांनी विचारलं तेव्हा मला बोलता आलं नाही. मी 'वडिलांनी आणली' म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावात 'लोटन परत सुरू झाला' झालं असतं. त्यांनी घेतली नाही, नुसती आणली, हे कोण ऐकतं? तुमचं नाव का घेतलं नाही म्हणाल, तर तुम्ही दारू आणायला सांगितलीच नव्हती.

आता निरीक्षण. पहिल्या दोन तीव्रतांच्या नळ्यांत पाणी जवळजवळ तसंच राहिलं, थोडंसं गुलाबी. तिसरीत थोडा रंग. चौथीत एकदम. मला वाटलं होतं, एकेक पायरी उतरल्यासारखा रंग वाढत जाईल. तसं झालं नाही. बराच वेळ काहीच नाही आणि मग सगळंच. पाचवी आणि सहावी नळी बघून तर ओळखू येत नव्हतं, कोणती जास्त. रंग मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून बीटच्या रसाच्या पट्ट्या करून मी डोळ्यांनी जुळवलं. ते अंदाजाचं आहे, मसुद्यात तसं लिहिलं आहे. एक गोष्ट लिहिलेली नाही. सहाव्या नळीतला तुकडा वर काढला तर बाहेरून तो पहिलीतल्यासारखाच दिसत होता. आकार तोच, कडा त्याच. नुसतं बघून कळलं नसतं की याच्यात आता काही राहत नाही.

आणखी एक केलं, ते तुम्ही सांगितलेलं नव्हतं. बाटली देताना वडिलांनी मला विचारलं होतं, "पहिल्या नळीना तुकडा परत धड व्हस का?" पुस्तकात ते नाही. मी सगळ्या नळ्यांतले तुकडे काढले, धुतले आणि साध्या पाण्यात ठेवले. तासाभराने पाणी बदललं, पुन्हा ठेवले. चौथीच्या पुढचे तुकडे रंग सोडतच राहिले. पहिल्या दोन नळ्यांतल्यांचा रंग यायचा थांबला. तीन वेळा करून बघितलं. दोन वेळा थांबला, एकदा थोडा आला. तिसऱ्या नळीचं मला नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला गेले. जेवताना म्हणाले, "तिसरी नळीनं परत करी दखाड." पण करून दाखवायला आता बीट नाही आणि ते दुसरंही नाही.

मॅडम, साहित्य लपवलं ही माझी चूक आहे. निरीक्षण लपवलेलं नाही. वडिलांचं मात्र कुणाला सांगू नका. परीक्षा पुढच्या वर्षी देता येते.

आपली विद्यार्थिनी,
दिपमाला


जळगाव,
२२ जानेवारी २०२६

चि. अभय,

पहिल्या पत्रात दारूची गोष्ट खोटी म्हणाले होते. ते वाक्य मी मागे घेते. बाटली होती आणि तिच्यात तू म्हणतोस तेच होतं. बाकीचं पत्र मागे घेत नाही.

मुलीने मला सगळं लिहून कळवलं आहे. बाटली प्रयोगासाठीच आली, प्रयोगासाठीच वापरली गेली, एक थेंबही कुणाच्या घशाखाली गेला नाही. कुठून आली ते मला कळलं आहे आणि माझं समाधान झालं आहे. तिला परत बोलाव आणि जर्नलवर सही होऊ दे.

वड्या मिळाल्या. गूळ जास्त झाला आहे.

चेलना


धुळे,
२४ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप जिजीस,
सादर जय जिनेंद्र.

काल विश्वस्तांची सभा झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, गुळाची ओळ सोडून. सगळ्यांना तुझ्याबद्दल आदर आहे. पण 'माझं समाधान झालं आहे' हे शिस्तीच्या रजिस्टरमध्ये कोणत्या रकान्यात लिहू? तिथे रकाना आहे: 'वस्तू कोणी आणली.' तो रिकामा ठेवून नोंद बंद होत नाही, आणि नोंद बंद झाल्याशिवाय प्राचार्य जर्नलवर सही करत नाहीत. एक नाव दे. बाहेरचा माणूस असला तर मुलीला ताकीद देऊन आत घेऊ. नाव नसेल तर तिनेच आणली असं धरावं लागेल, आणि मग हॉस्टेलमधून नाव कमी करणं एवढाच मार्ग उरतो.

मी माझ्यापरीने चौकशी केली. तिचा बाप पिणारा होता असं कळलं. तू चांगल्या मनाची आहेस, जिजी, पण घर तसं तर मुलगी तशी, असं लोक म्हणतात तेव्हा ते उगाच नसतं. कदाचित तोच परत सुरू झाला असेल आणि त्याच्याच बाटलीतून तिने घेतली असेल. तसं असेल तर तेवढं लिहून दे. मी प्रकरण तिथेच मिटवतो. मुलीला त्रास होणार नाही.

तूही जरा माझ्या जागेवरून बघ. उद्या कुणी छापलं की अमुक संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात दारू, तर आईचं नाव पाटीवर आहे.

तुझा
अभय


जळगाव,
२७ जानेवारी २०२६

चि. अभयकुमार,

तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद, 'मी माझ्यापरीने चौकशी केली' पासून 'मुलीला त्रास होणार नाही' पर्यंत, खोडून टाक. विश्वस्तांपुढे ते बोलला असशील तर पुढच्या सभेत मागे घे. त्या माणसाबद्दल तुला काही माहीत नाही. मला माहीत आहे, पण ते मला सांगता येत नाही. तुझी मोठी बहीण सांगता येत नाही म्हणते तेव्हा ते तुझ्या रजिस्टरपेक्षा मोठं असतं, असं समज.

तुला एक नाव हवं आहे. दोन दिवस मी त्यावरच विचार केला. या वयात मला विचाराला वेळ लागत नाही, तुला पटवायला लागतो, म्हणून नीट लिहिते.

त्या मुलीने माझ्यापासून साहित्य का लपवलं, ते तिने मला लिहिलं आहे. वर्गात दुसऱ्या एका मुलीला मी एक वाक्य बोलले होते. ते वाक्य मी चौतीस वर्षं बोलत आले. मुली हसायच्या, मला ते आवडायचं. मी मुलींना सांगायचे, जे दिसेल तेच लिहा. आणि एका मुलीला जे दिसलं, की कपाटात बाटली नाही, ते तिला माझ्यासमोर उच्चारता आलं नाही. मी फक्त वाट बंद केली. पुढचं सगळं तिथून झालं. मी एकदा ते कपाट उघडून पाहिलं असतं तर पर्समध्ये बीटबरोबर स्पिरिटही आणलं असतं, आणि तुझ्या सभागृहात मोहाचा वास आला नसता.

तुला त्या मुलीने केलेलं काम सांगते. बीटच्या प्रयोगात कुणीही शेवटी रंग किती सुटला ते लिहितं. तिने तुकडे परत साध्या पाण्यात ठेवून बघितले की पटल सावरतं का. सौम्य द्रावणातले सावरले, तीव्र द्रावणातले सावरले नाहीत, आणि मधल्याचं तिने लिहिलं, 'मला नक्की सांगता येत नाही.' अभय, मी शेकड्यांनी जर्नल्स तपासली. त्या मधल्या नळीचं उत्तर कुणीही ठोकून दिलं असतं. तिने दिलं नाही. तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळचं लिहिलं. अशा मुलीला तू खोटारडी ठरवून ट्रंकेसकट घरी बसवलं आहेस.

आता नावाचं. तू रोज सकाळी सामायिकाला आसनावर बसतोस, पाप करणार नाही असा नियम म्हणतोस. पाप तीन प्रकारचं धरतात: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेलं. तिन्ही सारखीच लागतात. हे मी तुला शिकवायला नको.

केलं दिपमालाने. बाटली तिच्या ट्रंकेत होती, ती नाकारत नाही.

करवलं मी. विषय माझा, हट्ट माझा, जीभ माझी.

आणि संमती. मुस्कानने काल मला एका कागदाची झेरॉक्स पाठवली. १२ नोव्हेंबरची, बारावीच्या प्रकल्पांची यादी. क्रमांक सतरा: दिपमाला लोटन भदाणे. विषय: अल्कोहोलचा वनस्पतिपेशीच्या पटलाच्या पार्यतेवर होणारा परिणाम. साहित्य: बीट, अल्कोहोल. खाली हिरव्या शाईत 'मंजूर' आणि तुझी सही. अल्कोहोल विकत घ्यायचं नाही असा ठराव असलेल्या संस्थेच्या सचिवाने अल्कोहोलचा प्रयोग मंजूर केला, आणि ते येणार कुठून हे विचारलं नाही. तू वाचलं नसशील. अठ्ठावीस नावं होती, जेवायची वेळ झाली असेल. मीही कपाट उघडलं नव्हतं. आपण दोघं एकाच आईची मुलं आहोत.

मुस्कानला यासाठी बोललास तर मी धुळ्याला येईन, आणि वस्तीला येईन.

तेव्हा 'वस्तू कोणी आणली' या रकान्यात तीन नावं लिही. दिपमाला लोटन भदाणे, चेलना आणि अभयकुमार, एकाच शाईने, याच क्रमाने, आणि प्रत्येकापुढे केलं, करवलं, संमती दिली असं. नोंद तिथे बंद होते. शिक्षाही तिघांना सारखी. तिने वीस दिवस वर्ग आणि हॉस्टेलच्या बाहेर काढले आहेत, तिची शिक्षा झाली. मी फेब्रुवारीतले दोन्ही शनिवार वर्गात शिकवणार नाही, मागच्या बाकावर बसून मुली सांगतील ते ऐकेन. पहिली पाळी पुनमची. तुझी शिक्षा तू ठरव. सचिवाची खुर्ची वीस दिवस रिकामी राहिली तर शाळा बंद पडणार नाही, असं माझं निरीक्षण आहे.

तीन नावं लिहायची नसतील तर एकही लिहू नकोस. मग नोंदच नाही, आणि अडवायला कारणही नाही.

आईचं नाव पाटीवर आहे म्हणतोस. आई अंगठा उठवायची. मला कॉन्व्हेंटात घालताना सगळा सराफ बाजार तिला हसला होता. सुगनबाईची पोर पाद्र्यांच्या शाळेत, म्हणून. तिने कुणाला उत्तर दिलं नाही, फी भरली. त्या नावाखाली एका मुलीची परीक्षा बुडू द्यायची नाही, एवढंच मला कळतं.

हे पत्र श्रेयांसच्या हाती देते आहे, तो आज संध्याकाळी धुळ्याला परततो. गुरुवारी तो दुकानाच्या खरेदीला पुन्हा जळगावला येईल आणि शुक्रवारी दुपारी माझ्याकडून निघेल. तुझं उत्तर त्याच्याच हाती यावं किंवा दुसऱ्या कुणाच्या, पण लेखी यावं, तुझ्या सहीचं, रजिस्टरच्या त्या पानाच्या आणि सही झालेल्या जर्नलच्या झेरॉक्सच्या सोबत. फोन मी उचलणार नाही. मुदत शुक्रवार, ३० जानेवारी, दुपारी चार वाजेपर्यंत. चार वाजून पाच मिनिटांनी आलेलं उत्तर मी फोडणार नाही. कारण साडेचारची शिंदखेडा गाडी मला पकडायची आहे, आणि मुलीला आणायला जायचं की तिच्या वडिलांची माफी मागायला, हे त्याआधी मला कळलं पाहिजे.

चेलना